परबच्या खुणा

वसंत परब डोंगरात शिरला की बोलणं बंद करायचा. चार दिवस चालायचं असेल तर चार दिवस बंद. फक्त हाताच्या खुणा. तळहातावर दोन बोटं आपटली की चहा. पोटावर मूठ फिरवली की भाकऱ्या सोडा. हनुवटी ओढली की पुढे वाट वाईट आहे, जपून या. या खुणा आमच्या गिरणीतल्या लूमखात्यातल्या. सगळे माग एकदम चालायला लागले की शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही, म्हणून विणकर हातांनी बोलतात. खात्यात हनुवटी ओढली की साहेब आला असं समजायचं. डोंगरात साहेब कुठून येणार, पण परबने खूण बदलली नाही.

विचारलं तर म्हणायचा, "बोलान माणूस दमता रे दिन्या, चलान नाय."

परब लालबागच्या चाळीत माझा शेजारी आणि खात्यातही शेजारच्याच मागावर. त्याच्या तऱ्हा चाळीला पाठ होत्या. बोलताना तो समोरच्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायचा. "हयसर बघून बोल." मिशीवाल्या माणसाशी त्याचं जमत नसे. संपात ड्युटी नाही म्हणून आमच्या खात्यातल्या नामदेव कांबळेने झुपकेदार मिशी वाढवली, तर परब आठवडाभर त्याच्याशी धड बोलला नाही. "आधी ता रान काप," एवढंच. गॅलरीत मागून हाक मारली तर हा वळत नसे. बायका म्हणत, परबला गर्व झालाय. संपाच्या सभेत घोषणा झाली की सगळ्यांचे हात वर जाऊन खाली यायचे, मग परबचा एकट्याचा वर जायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

संपाचं दुसरं वर्ष होतं. घरात बसून बायकोच्या तोंडाकडे बघवेना, तेव्हा परबनेच टूम काढली: नाणेघाटापासून भीमाशंकरपर्यंत चालत जाऊ. तो, मी, नामदेव आणि चाळीखालच्या मसाल्याच्या गिरणीतला सदा, असे चौघे निघालो. तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी सकाळी भीमाशंकरहून शिडीच्या वाटेने खांडसला उतरायला लागलो. एवढं उतरलं की संपलं. दुपारची एसटी धरून घर.

कड्याला ठोकलेल्या लोखंडी शिडीशी पोचलो आणि खालून धुकं चढू लागलं. कातळ ओला होता. परबने हनुवटी ओढली, मग खुणेनेच सांगितलं: मी आधी उतरतो, खालून हात वर केला की एकेकाने या. तो उतरू लागला. पाच-सहा पायऱ्यांनंतर त्याचं डोकंही दिसेना.

थोडा वेळ गेल्यावर सदाने हाक दिली. "परब, येऊ का?"

मग त्याने तोंडाभोवती हात धरले.

"ए परब! पोचलास का?"

आम्ही तिघांनी मिळून ओरडून पाहिलं. काही नाही. सदा माझ्याकडे बघेना. नामदेव कड्याच्या टोकाशी पालथा पडून खाली कान देत होता. "पडला असता तर आवाज आला असता," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "आला असता ना रे?"

परबच्या बायकोला काय सांगायचं, हा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. "मी जातो. तुम्ही जागचे हलू नका," असं सांगून मी शिडीवर पाय टाकला. पायरीगणिक हात घसरत होते.

खाली अरुंद सपाटी होती. तिच्यावर परब उभा होता. धडधाकट. तोंड वर, उजवा हात आभाळात ताठ. आम्ही ओरडत होतो तेवढा वेळ तो तसाच हात वर करून उभा असणार. मी रागाने तोंड उघडलं, तेवढ्यात वरून नामदेवची किंकाळी आली, "दगड!"

घरंगळण्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी ओरडलो, "परब, सरक!" तो हलला नाही. मी झेप घेऊन त्याच्या सॅकचा पट्टा खेचला. आम्ही दोघे कातळावर आदळलो आणि नारळाएवढा दगड तो उभा होता तिथे आपटून दरीत गेला.

"ऐकलं नाहीस?"

तो माझ्या ओठांकडे बघत होता. "काय?"

"दगड. नामदेव केवढ्याने ओरडला."

"नाय रे," तो म्हणाला. आणि मला सगळं कळलं. मिशीचंसुद्धा.

"कधीपासून?"

"तीनेक वर्षा झाली. डाव्या कानान तर कायच नाय."

"निदान तू तरी ओरडायचंस खालून."

"वरडलो असतो तर तुम्ही कायतरी इचारला असता. ता माका ऐकाक येना नाय."

"वहिनींना माहीत आहे?"

"तिका वाटता, माझा लक्ष नसता." तो अंग झाडत उठला. "कोणाक सांगू नको. गिरणी सुरू झाली की डॉक्टर तपासतले, नि कामार घेवचे नाय."

मी वर हाका देऊन दोघांना उतरवून घेतलं. सदाने उतरल्या उतरल्या परबला शिव्या घातल्या. "ओ द्यायला काय झालं होतं तुला?"

"ओरडलं की दगड सुटतात," मी म्हणालो. "बरोबर केलं त्याने."

हे कोणालाही पटण्यासारखं नव्हतं, पण सदाला पटलं. नामदेव तर घाबरून पुढची सगळी वाट कुजबुजत बोलला.

दुपारी खांडसला एसटीची वाट बघत हॉटेलच्या बाकावर बसलो. पाय मोकळे झाले तसा धीर आला, आणि जो तो आपण किती घाबरलो होतो ते रंगवून सांगू लागला. परबही हसत होता. बाकीच्यांच्या मागून, थोडं चाचपडत. मी उठून त्याच्या समोर बसलो.

"गिरणी कधी सुरू होतली, काय वाटता तुका?" त्याने विचारलं.

"का रे?"

"थंय मागांच्या आवाजात सगळेच बहिरे. थंय मी तुमच्यासारखोच."

मला तेव्हाही खात्री नव्हती, आणि पुढे आमची गिरणी काही सुरू झाली नाही. पण परब माझ्या ओठांवरचा शब्द न् शब्द वाचत होता, म्हणून मी अगदी सावकाश म्हणालो, "दिवाळीच्या आत होईल."