हवा जाते कुठे

शाळेचा रोबो घरी आणायचं वेंडेल प्रुसाकने गॅरेजात उभ्या उभ्या ठरवलं आणि तिथेच घोटाळा झाला. त्याच्यातली हवेची गळती शोधायची तर नळ्यांच्या जोडांवर साबणाचं पाणी मारावं लागतं. जिथे फुगे येतील, तिथे गळती. पण हॅमट्रॅम्क गावच्या त्या थंडीत पाणी बाटलीतच गोठलं. उरलं स्वयंपाकघर.

नेमका पाँच्कीचा मंगळवार. उद्यापासून चाळीस दिवसांचा उपास, म्हणून त्याची बायको बर्नाडेट सकाळपासून पाँच्की, म्हणजे जॅम भरलेले गोळे, तळत होती. त्यात हे पन्नास किलोचं धूड ढकलगाडीवरून आत आलं. "टेबलाला धक्का लागला तर तुलाच तळीन," एवढंच ती म्हणाली.

वेंडेल तीस वर्षं गिअरच्या कारखान्यात होता. आता शाळेच्या रोबो-संघाचा मार्गदर्शक. (मार्गदर्शक म्हणजे पोरांच्या कामाला नावं ठेवण्याचा बिनपगारी अधिकार.) यंदाची गिअरपेटी सतरा वर्षांच्या तहमिना चौधरीने आखली होती. रेटारेटीला मंद गिअर, पळायला वेगवान, आणि एकातून दुसऱ्यात ढकलायला हवेच्या दाबावर चालणारा बोटाएवढा सिलिंडर. सगळा हिवाळा तिने त्यात घातला. वेंडेलचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं: गिअर हाताने बदलतात, फुंकरीने नाही.

आता रोबोच्या हवेच्या टाकीत एकशेवीस पौंड दाब भरला की पाच मिनिटांत काटा चाळीसवर यायचा आणि गिअर अध्येमध्ये अडकून करकरायचा. शनिवारी रोबोंचे सामने. संध्याकाळपर्यंत गळती सापडली नाही तर सिलिंडर काढून पेटी मंद गिअरमध्येच बोल्टने आवळायची, असं त्याने परस्पर जाहीर करून टाकलं. संघात कोणाला विचारायची पद्धत त्याच्याकडे नव्हती.

पोरांनी केलेले तेवीस जोड त्याने तीन-तीनदा भिजवले. एक फुगा नाही. घोडं पेंड कुठे खातंय, कळेना. फवारा मात्र शेजारच्या पिठावर गेला आणि पुढच्या घाण्याला कढईत असा फेस आला की बर्नाडेटने गॅस बंद केला. वेंडेल तिला समजावू लागला, की हा दोष मूळ आराखड्यातलाच.

शाळा सुटल्यावर तहमिना आली. वाद न घालता खाली बसली आणि टाकीपासून एकेक नळी बोटाने चाचपत निघाली. बर्नाडेटही झारा घेऊन वाकली. हवा दिसत नाही, तरी जाते कुठे, हे आता तिलाही बघायचं होतं.

"हा निळा तुकडा कोणी बसवला?" तहमिनाने विचारलं.

"मी. काल."

"कशाने कापलात?"

"कात्रीने."

"माझ्या कोंबडी कापायच्या कात्रीने," बर्नाडेट म्हणाली.

"आणि यावर साबण मारलात?"

"माझ्या जोडावर कशाला मारू?"

तहमिनाने मारला. तिरप्या कापलेल्या टोकापाशी एक फुगा आला, सावकाश मोठा होत गेला, खिडकीचा उजेड त्यात वाकडा दिसू लागला. तिघंही बघत राहिली. फुटला, लगेच दुसरा आला.

"सदतीस वर्षं संसार केला," बर्नाडेट म्हणाली, "पण तुझ्यावर साबण मारून बघायचं मला सुचलं नाही."

तहमिनाने खिशातल्या कटरने नळी सरळ कापून बसवली. हवा भरली. दहा मिनिटं काटा हलला नाही. खोक्यांवर उचललेली चाकं फिरू लागली, तिने बटण दाबलं आणि ठक्कन सूर बदलला. वेंडेलने रोबोत मान घातली. परत कर म्हणाला. मग आणखी एकदा. अकरा वेळा त्याने गिअर बदलायला लावला, आणि बाराव्यांदा स्वतः बटण दाबून पाहिलं. मग म्हणाला, मला ठाऊकच होतं, तुम्हाला सापडतं का ते बघत होतो. बर्नाडेट नवं पीठ मळायला वळली. (असल्या माणसांना उत्तर दिलं की ती त्याला चर्चा समजतात.)

शनिवारी गिअरपेटी दोन्ही गिअरसकट मैदानात उतरली. सामन्याआधी तपासायची यादी पोरांनी नव्याने छापून ढकलगाडीवर चिकटवली होती. पहिली ओळ: मिस्टर प्रुसाक यांनी हात लावलेले सर्व जोड, साबणाने, दोनदा.

वेंडेलने ती चष्मा लावून वाचली, फोटो काढला आणि बर्नाडेटला पाठवला. खाली लिहिलं: तीस वर्षांत कारखान्याने माझं नाव कधी कुठे छापलं नाही. पोरांनी मात्र पहिल्याच ओळीत घातलंय.