यमुताईंच्या भिंतीवरची पूररेषा

या मंडळी, असे पुढे सरकून बसा, टाळ घडीभर मांडीवर ठेवा. आज पुराणातली नाही, आपल्या नागपुरातल्या नाल्याकाठच्या गल्लीतली गोष्ट ऐका.

पुराचं पाणी ओसरलं, गाद्या गच्चीवर वाळत पडल्या, आणि यमुताईंच्या मनात मत्सर शिरला. शेजारच्या कुसुमताईंकडे पाणी खिडकीच्या गजांपर्यंत चढलेलं. यमुताईंचं जोतं उंच, तिथे कसंबसं गुडघाभर. त्यामुळे येणारा-जाणारा कुसुमताईंकडेच वळे. कोणी डबा आणे, कोणी सतरंजी. काटोलच्या भाच्याने तर नवं कपाट पाठवलं.

"आपल्याकडे काय पूर नाही आला?" यमुताई धुसफुसल्या. "रडलं की कपाट भेटते!"

"ते कुठं रडली वं?" त्यांचे यजमान वसंतराव म्हणाले.

कपाटाचं दुःखही यमुताईंनी गिळलं असतं. पण भजनी मंडळाच्या देवरावांनी जाहीर केलं, "यंदा कीर्तन ज्या घरी पाणी सर्वांत वर चढलं तिथं. देवाच्या नावानं ते घर पुन्हा नांदतं होईल."

आजवर कीर्तन यमुताईंच्या बैठकीत होई. बुवांच्या गळ्यात पहिला हार त्यांचा. तो आता कुसुमताई घालणार?

दुपारी यमुताईंनी चहाच्या पाण्यात गाळ कालवला, स्टुलावर चढल्या आणि भिंतभर रेघ ओढली. खिडकीच्या गजांइतकी उंच. मग खात्रीसाठी दिव्याच्या बटणांच्याही वर.

"काय करून राहिली वं?" वसंतराव दचकले. "अन् रेघेखालचं कॅलेंडर कोरडं काहून?"

कॅलेंडर बादलीत बुडालं. त्यापाठोपाठ घड्याळही.

संध्याकाळी देवराव आले. "वहिनी, जोतं एवढं उंच, तरी पाणी इथवर?"

"लाट आली होती जी!"

त्याच वेळी कुसुमताई चहा घेऊन दारात आल्या. त्यांनी रेघेच्या रंगाकडे पाहिलं, मग हातातल्या कपांतल्या चहाकडे.

देवरावांनी भिंतीवर टिचकी मारली. "अरे बापा! एवढी भिजली म्हणजे प्लास्टर पोकळ झालं असन. कोणाच्या डोक्यावर पडलं तर? बोलवा गा पोट्ट्यायले!"

"राहू द्या जी, मले चालते!"

"लाजू नका वहिनी, आम्ही परके हाओ काय?"

पोरांनी हातोडे चालवले. धडधाकट प्लास्टर निघता निघेना. "मजबूत आहे गा," एक पोरगा घाम पुसत म्हणाला. यमुताई पदर तोंडाला लावून बसल्या. गल्लीला वाटलं, पुराचं दुःख.

विटा उघड्या पडलेल्या बैठकीत कीर्तन कसं होणार? ते कुसुमताईंकडेच झालं. बुवा उभे राहिले, तशा कुसुमताईंनी हार यमुताईंच्या हातात दिला.

"पहिला हार यमुताईच घालतीन. दरसालचा मान आहे त्यायचा."

यमुताईंनी हार धरला. कुसुमताई कानाशी वाकल्या.

"पुराच्या दिवशी तुम्हीच मले ओढून आपल्या दिवाणावर बसवलं नव्हतं काय? पाणी कुठवर होतं, मले नाही माहीत?" मग अगदी हळू म्हणाल्या, "लाट मात्र मले दिसली नाही बाई."

बुवांनी विठ्ठलाचा गजर केला. सर्वांत मोठा आवाज यमुताईंचा होता, आणि डोळे खाली.

तर मंडळी, कधी तुमच्या हाती पहिला हार आला, तर सगळं ठाऊक असून ओठ मिटून बसलेल्या त्या कुसुमताईंची तेवढी आठवण ठेवा.