फायनलमधली शिंक

"अहो, मफलर गुंडाळा. सकाळपासून शिंकताय," काकू दारात आडव्या उभ्या राहून म्हणाल्या.

"लाल कोटावर तुझा तपकिरी मफलर? अगं, आज जग बघणारे मला!"

"जग बघेल. नाक पुसायला येणार नाही."

पण ठोकाका कसले ऐकतात! शाळांच्या मैदानांवर पिस्तुलाचा ठो करून शर्यती सोडता सोडता त्यांचे केस पिकले होते. आणि आता, निवृत्तीच्या तोंडावर, आंतरराष्ट्रीय इनडोअर अॅथलेटिक्स स्पर्धेतल्या सगळ्यांत छोट्या शर्यतीची फायनल त्यांच्या वाट्याला आली होती. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. ते छाती काढून निघाले. काकूंनी मफलर मुकाट्याने आपल्याच गळ्यात घातला आणि त्याही निघाल्या.

बंद सभागृहात एसी मोकाट सोडला होता. प्रेक्षक काखेत हात घालून बसले होते. "जागेवर!" ठोकाका कॉलरच्या माइकमध्ये म्हणाले. इशारा सगळ्यांना एकदम ऐकू जावा म्हणून प्रत्येक धावपटूच्या मागे एकेक स्पीकर ठेवलेला होता. "सज्ज!" सभागृह चिडीचूप झालं. आणि ठोकाकांना शिंक आली.

शिंक एकाच माणसाची, पण निघाली सगळ्या स्पीकरांतून. धावपटू जिवाच्या आकांताने पळाले आणि पलीकडच्या भिंतीला लावलेल्या गाद्यांवर धडाधड आदळले. पहिला आलेला उंच गडी तर झेंडा पांघरून रडायलाही लागला.

मुख्य पंचबाई धावत आल्या. "घड्याळ का सुरू झालं नाही?"

"पिस्तूल वाजलंच नाही, मॅडम."

"मग हे पळाले कशावर?"

ठोकाकांनी नाकाकडे बोट दाखवलं.

पंचबाईंनी कपाळावर हात मारला. "ठो व्हायच्या आधी पळेल तो बाद, असा नियम आहे. सगळ्यांनाच बाद करू? मग फायनल काय तुम्ही आणि मी पळायची?"

"चूक माझी आहे, मॅडम. त्यांना परत उभं करा."

उंच गड्याने झेंड्याची घडी घातली आणि ठोकाकांकडे खाऊ की गिळू असं बघितलं.

पुन्हा "सज्ज" म्हणताच नाकात वळवळलं. ठोकाकांनी घाईघाईने "उठा!" म्हणून सगळ्यांना उभं केलं. त्यानंतरही तेच. वाकून-उठून धावपटूंच्या मांड्या भरून आल्या. "आता आणखी एकदा असं झालं, तर पिस्तूल खाली ठेवायचं," पंचबाईंनी बजावलं. ठोकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सर्दीचं नव्हतं.

तेवढ्यात पाठीमागच्या कठड्यावरून मफलर पुढे आला. पहिल्याच रांगेत काकू बसल्या होत्या. "गुंडाळा!"

त्यांनी साऱ्या जगासमोर गुंडाळला. नाक शहाण्यासारखं गप्प झालं.

"जागेवर!... सज्ज!"

सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आणि मफलर देऊन बसलेल्या काकू सणसणीत शिंकल्या.

धावपटू तसूभरही हलले नाहीत. शिंकेला भाव द्यायचा नाही, हे एव्हाना ते शिकले होते. दचकले ते फक्त ठोकाका, आणि दचकताना त्यांचं बोट दाबलं गेलं. ठो! सगळे एकाच क्षणी सुटले. उंच गडी पुन्हा पहिला आला, तोही विक्रम करून.

"इतका स्वच्छ स्टार्ट मी आजवर पाहिला नव्हता," पंचबाई ठोकाकांचा हात हातात घेऊन म्हणाल्या.

घरी जाताना ठोकाकांचे पाय जमिनीवर नव्हते. "ऐकलंस ना? स्वच्छ स्टार्ट म्हणाल्या!"

"ऐकलं," काकू नाक पुसत म्हणाल्या. "मीच दिला होता. आता तो मफलर इकडे करा."