गुडघेफत्तेची हकीकत, मुक्काम प्रताप नगर

सांगणार सांगतो, ऐकणारांनी चित्त स्थिर करून ऐकावे. शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सरी, नागपूर शहरी प्रताप नगराचे मुलखात अंजनाबाईसाहेब यांणी आपल्याच दोन गुडघ्यांवर मोहीम करून यश कैसे संपादिले, ती हकीकत येणेप्रमाणे.

बाईसाहेब बहुत मानी. इसवी सन एकोणीसशे छप्पन साली कडेवर लेक आणि डोईवर बोचके घेऊन गावाहून पायी आल्या आणि दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून दर विजयादशमीस दीक्षाभूमीवर पायीच जाण्याचा शिरस्ता. परंतु वय चालून आले आणि संधिवात नामे गनीम दोन्ही गुडघ्यांत मोर्चे बांधून बसला. मग उठता भिंत, बसता भिंत. गतसाली स्वारी सायकलरिक्षातून न्यावी लागली आणि ओळखीच्या बाया बाजूने चालताना दिसल्या, तेव्हा बाईसाहेबांचे डोळ्यांस पाणी आले, ते धुळीने आले म्हणून सांगितले. दवाखान्याच्या गोळ्यांनी गनीम हटला नाही, पोट मात्र बिघडले.

ऐसे असता शेजारच्या प्रयागबाई, काटोलाकडील शेतकरी घराण्यातल्या, यांणी तांदूळ निवडता निवडता मसलत दिली की, भांगेचा पाला वाटून तिळाचे तेलात मंद आचेवर कढवावा, गाळून त्यात मेण घालावे आणि दुखऱ्या जागी चोळावे; आमचे सासरे औत हाकून आले की हेच लावीत. बाईसाहेबांनी आधी दाराकडे पाहिले. कारण यजमान देवाजी, सूतगिरणीतून निवृत्त जाहलेले, नित्य पंचशील म्हणणार आणि नशेच्या जिनसेचा वाराही उंबऱ्यास लागू न देणार. तरी दसरा जवळ आला होता. मग यजमान विहारात गेलेसे पाहून दोघी सिटीबसने इतवारीवर कूच करत्या जाहल्या.

तेथे सरकारी परवान्याचे भांगेचे दुकान. बायकांनी चढून जाण्याचा रिवाज नाही. बाकावरची मंडळी अदबीने सरकली आणि दुकानदाराने चष्मा पुसून पाहिले.

"गोळी देऊ का घोटून, बाई?"

"सुका पाला दे गा. गुडघ्याले पाहिजे."

"गुडघे कवापासून प्याले लागले?"

"तुये दुखतीन तं समजन तुले."

दुकानदाराने पाला तोलून वर मूठभर जास्त घातला.

मग परसात चूल पेटली, कढई चढली, आणि हिरवट उग्र दरवळ उठून गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, आणि तेथेच यजमान भेटले. ते दरवळाचे मागावर थेट परसात दाखल जाहले.

"काय शिजवून राहिली वं?"

"निरगुडीचं तेल जी," प्रयागबाईंनी चपळाईने तोफ डागली.

बाईसाहेबांनी झारा खाली ठेवला. "भांगेचं हाय. खोटं बोललं तं तेही शीलच मोडते."

यजमानांचा चेहरा उतरला. "पाचवं शील ठाऊक असून?"

"मी पिऊन नाही राहिली. चोळाले करून राहिली. डोकं फिरलं माह्यं, तं फेकून द्या कढई."

इतके बोलून बाईसाहेब चुलीपासून उठू लागल्या. जवळ भिंत नव्हती. मग दोन्ही हात मातीत टेकले आणि रांगत्या लेकरासारख्या जागीच अडून राहिल्या. प्रयागबाई धावल्या, परंतु यजमान आधी पोचले. बाईसाहेबांस उठवून पाटावर बसविल्यावर त्यांणी बहुत वेळ कढईत पाहिले, आणि मग हुकूम फर्माविला की, मलम कातडीवरच राहावे, पोटात कणभर जाऊ नये, आणि नशेचे देखरेखीकरिता चोळण्याची कामगिरी आपण जातीने करू.

तेव्हापासून रोज सायंकाळी यजमान डबी घेऊन बसत.

"गरगरते काय?"

"नाही. बरं वाटते."

"बरं मंजे? नशेसारखं?"

"चोळा चुपचाप."

हळूहळू गनिमाचे ठाणे ढिले पडले. ते पाल्याने, की तेलाने, की रोजच्या चोळण्याने, याचा निवाडा कोणाच्याने होणे नाही. बाईसाहेब प्रथम नळापर्यंत, मग विहारापर्यंत जाऊ लागल्या. दसऱ्यास पांढरे लुगडे नेसून, यजमानांस बाजूस घेऊन निघाल्या. वाटेत झाडाखाली बसल्या, कोणी दिलेले पाणी प्याल्या, आणि पुन्हा चालल्या. दीक्षाभूमीवर माणसांचा समुद्र. तेथे भुईवर बसून वंदना केली, आणि मग यजमानांनी पुढे केलेला हात न घेता, ओठ दातांत धरून, आपल्या बळावर उठून उभ्या राहिल्या. यजमान रित्या हाताकडे पाहात राहिले. मग गिरणीत आखडलेली बोटे उघडून मिटून दाखवीत हळूच बोलले,

"यायलेही गुण आला. सांगतलं नव्हतं तुले."

"मले ठाऊक होतं. एवढा वेळ काहून चोळता मंग?"

गनीम समूळ बुडाला ऐसे नाही. आभाळ भरून आले की अद्याप फिरकतो, आणि डबी पाहून तह करतो. परंतु त्या साली बाईसाहेब पायी गेल्या आणि पायी आल्या, हे दप्तरी कायम नमूद असावे.