नाकाची डावी बाजू

"यापुढे माझ्याकडे गोंधळ होणारच नाही!" अनुजा हळदणकरने बुधवारी सकाळी जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे नवऱ्याला आणि सासूला सांगितलं. लालबागच्या त्या वन-बीएचकेत तेवढीच जनता उपलब्ध होती.

अनुजा मण्यामोत्यांचे दागिने करून विकायची. तिचा अनुभव असा, की गिऱ्हाईक सांगतं एक, त्याच्या डोक्यात असतं दुसरं आणि वस्तू हातात दिली की त्याला आठवतं तिसरं. लाल मण्यांची माळ 'अगं, लाल म्हणजे हा लाल नव्हे' म्हणून परत आली होती. 'नाजूक, पण भरगच्च' अशी एक ठुशी तर तीनदा उसवून झाली होती. म्हणून तिने कायदाच केला. फोटोशिवाय ऑर्डर नाही! फोटोत दिसेल ते करायचं, न दिसेल ते करायचं नाही.

या कायद्याखालची पहिली ऑर्डर दुपारीच आली. गिरगावच्या दुर्गाताई पाठारे मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप चालवायच्या. शनिवारी पाच वाजता दादरला स्पर्धा, बारा बायका, बारा मोत्यांच्या नथी. स्पर्धेला चौदा ग्रुप येणार होते. नथी शोभल्या तर चौदा ग्रुपांची नाकं अनुजाच्या हाती येणार होती. बिघडल्या तर चौदा ग्रुपांसमोर तिचंच नाक कापलं जाणार होतं.

नियमाप्रमाणे दुर्गाताईंनी सेल्फी पाठवली. ओठांचा चंबू, नाकात जुनी नथ. अनुजा बघतच राहिली. नथ उजव्या नाकपुडीत होती!

आता नथ डावीकडे घालतात हे कुणाला सांगायला नको. आणि डावीची नथ उजवीला चालत नाही. मोत्यांचं तोंड पुढे, चाप मागे. बाजू बदलली की मोती नाकाकडे तोंड करून बसतात, रुसलेल्या पाहुण्यांसारखे.

अनुजाने फोन लावला. मागे तालीम जोरात होती.

"ताई, नथ त्या बाजूलाच हवी ना? फोटोत जशी आहे तशी?"

"फोटोत आहे तश्शीच! एक मोती इकडचा तिकडे नको! ए मीरा, पाय बघ ना गं, माझ्या पायावर नाचतेयस!"

फोन बंद. अनुजाने विचार केला, गेल्या वर्षी याच बायकांनी गॉगल लावून झिम्मा घातला होता. त्यांना उजवी नथ काय जड आहे? गुरुवारी संध्याकाळपर्यंत बारा उजव्या नथी तयार झाल्या.

हितेंद्र, म्हणजे अनुजाचा नवरा, कामावरून आला आणि फोटो बघून हसला. "अगं, सेल्फी उलटी येते! माझा भांग बघ, सेल्फीत नेहमी दुसऱ्या बाजूला असतो. यांची नथ डावीच आहे."

"नक्की?"

"थांब, दाखवतो." हितेंद्रने तयार नथ स्वतःच्या नाकात अडकवली, आरशासमोर उभा राहिला आणि सेल्फी काढली. मग तो आरशात बघे, फोटोत बघे, स्वतःचं नाक चाचपे. तिन्हीकडे नथ वेगवेगळ्या बाजूला असल्याचा त्याला भास होऊ लागला. तेवढ्यात गॅस सिलिंडर घेऊन आनंदा दारात आला. त्याने हितेंद्रकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साहेब, सिलिंडर कुठे ठेवू? की हळदीकुंकू आटपल्यावर येऊ?"

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अनुजाने बाराही नथी उसवून डाव्या केल्या. एकेका नथीला पंधरा मिनिटं. बोटांना तारा टोचून टोचून चाळणी झाली होती. तेवढ्यात सासूबाई, कांताबाई, चष्मा लावून फोटो बघायला बसल्या.

"गो अनुजा, हिच्या मागे भिंतीर कॅलेंडर आसा."

"असू दे हो, आई."

"असू दे काय? माका त्येचो महिनो सरळ वाचूक येता. फोटो उलटो असतो, तर अक्षरां उलटी नसती दिसली?"

हितेंद्रने फोन हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि पडेल आवाजात म्हणाला, "काही काही फोन फोटो सरळ करून ठेवतात."

"काल का नाही बोललात?"

"काल कॅलेंडर कुठे दिसलं होतं?"

अनुजाने पुन्हा फोन लावला. "ताई, शेवटचं विचारते, नथ फोटोत आहे त्याच बाजूला ना?"

"अगं हो गं बाई! फोटोसारखीच! फोटो मग कशाला मागितलास?"

अनुजाने पुन्हा पक्कड उचलली. शनिवारी सकाळपर्यंत बारा नथी पुन्हा उजव्या झाल्या. आता अनुजाला जेवतानाही आपला उजवा हात कुठला ते आठवावं लागत होतं.

दोन वाजता दादरच्या हॉलमधल्या मेकअपच्या खोलीत दुर्गाताईंनी डबी उघडली, एक नथ नाकाशी धरली आणि किंचाळल्या.

"उजव्या?! नथ उजवीकडे घालतात कधी? कुणी शिकवलं तुला?"

अनुजाने फोटो पुढे धरला.

"अगं, तेव्हा माझ्या डाव्या बाजूला पुळी आली होती! माझी जुनी नथ दोन्हीकडे चालते, म्हणून नमुन्यापुरती इकडे अडकवली. तुला डिझाइन बघायला सांगितलं, की माझं नाक?"

आता बोलण्यात वेळ घालवायची सोय नव्हती. अनुजा पक्कड घेऊन जमिनीवर बसली. नऊवारीतल्या अकरा बायका नाकं पुढे करून ओळीने उभ्या राहिल्या, लसीकरणाला उभ्या राहतात तशा. नथ उसवायची, ओवायची, चाप फिरवायचा, पुढची! "माझी आधी!" "ए, मी पहिल्या रांगेत आहे!" अकरावी नथ पूर्ण झाली आणि माइकवर ग्रुपचं नाव पुकारलं गेलं.

बारावी नथ दुर्गाताईंची. ती उजवीच राहिली होती.

अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, फक्त पंधरा मिनिटं..."

दुर्गाताईंनी आरशात बघून डाव्या नाकपुडीला हलकेच बोट लावलं आणि "आई गं!" करून कळवळल्या.

"राहू दे गं. उजवीच दे. मेली पुळी अजून बसली नाहीये."

ग्रुप स्टेजवर गेला. अकरा नथी डावीकडे, एक उजवीकडे. अनुजा विंगेत तोंड लपवून उभी होती. नंबर दुसरा आला. नथींबद्दल परीक्षक अवाक्षर बोलले नाहीत.

रविवारी सकाळी मात्र शिवडीच्या एका ग्रुपचा मेसेज आला. पंधरा नथी हव्या होत्या. चौदा साध्या, डाव्या. आणि एक उजवी. 'आमच्या लीडर बाईंसाठी. तुमच्याकडे लीडरची नथ वेगळी असते ना, तशीच.'