नववीच्या नावे वाटणीपत्र

मी लिहिला तसला कागद आमच्या शाळेत आजवर कोणी लिहिला नाही! हे मी नाही, साक्षात मुख्याध्यापक म्हणाले. कोणत्या सुरात म्हणाले, ते पुढे येईलच.

सन ८७ ची गोष्ट. मानवतच्या आमच्या शाळेत एक पद्धत होती. निरोप समारंभात दहावीच्या पोरांनी नववीला वाटणीपत्र वाचून दाखवायचं. आपली बाकं, आपल्या खोड्या, आपल्या पळवाटा खालच्यांच्या नावे करून निघायचं. दरवर्षी हे वहीच्या फाटक्या पानावर उरकत. या वर्षी लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ठरवलं, काम पक्कं करायचं. थेट खरा स्टॅम्प पेपर!

एसटी धरून पाथरी गाठली. तहसील कचेरीसमोर रंगनाथ स्टॅम्पवाले बसत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“कोणासाठी पाह्यजे?”

पोराला कागद मिळणार नाही, म्हणून मी वडिलांचं, आबांचं नाव ठोकून दिलं. “किशनरावांसाठी.”

“कशासाठी?”

“वाटणीपत्र.”

रंगनाथांनी ते रजिस्टरात लिहिलं, कागदाच्या पाठीवर लिहिलं, शिक्का हाणला. मी खुशीत घरी आलो.

आता घरचं सांगतो. आबा आणि दत्ताकाका, दोघं भाऊ एका चुलीवर जेवणारे. शेत एक, गोठा एक, म्हैस एक. सगळं गाव आमच्या घराकडे बोट दाखवून आपापल्या पोरांना शहाणपण शिकवायचं. आणि दोन दिवसांनी काका सातबारा काढायला पाथरीला गेले!

“काय दत्तराव,” रंगनाथ म्हणाले, “वाटणी व्हायलीय म्हणं! किशनरावांच्या नावानं कागद गेला की.”

हे मला फार उशिरा कळलं. काका घरी आले आणि अर्ध्या भाकरीवर उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात म्हैस नव्हती.

“दत्ता, म्हैस कुठं हाय?” आबांनी विचारलं.

“देवगाव फाट्याला. हिच्या माहेरी.”

“ते कशाला?”

“करमंना झालं.”

“कोणाला? तिला?”

“म्हशीला!”

आबा तसेच घरात आले. मग मायला म्हणाले, “दत्ता काहीतरी करायलाय. ध्यान ठेव.” मायनं लगेच पाटा उचलून आमच्या खोलीत नेला. दैवशालाकाकूनं ते बघितलं आणि वरवंटा आपल्या खोलीत नेला. तीन दिवस घरात चटणी नाही! दोघी एकमेकींना म्हणायच्या, “हल्ली तिखट सोसंना बाई.” आणि मी मधे बसून कोरडी भाकरी चावत होतो. माझ्या काही टाळक्यात शिरत नव्हतं.

कारण मी स्वतःच लपत होतो. नववीची निम्मी पोरं आमच्याच गल्लीत राहायची, कागद फुटला की मजा गेली. म्हणून कडब्याच्या गंजीमागे बसून लिहायचो. तिथे काकूनं मला हेरलं. काकूला वाचता येत नव्हतं, पण स्टॅम्पचं चित्र ती बरोबर ओळखायची. ती उलट्या पावली काकांकडे गेली. “अवो, भावजींनी पोराला लिव्हायला बसवलंय! शेत जायलंय आपलं!”

समारंभाचा दिवस उजाडला आणि कागद घेऊन शाळेकडे निघालेल्या मला काकूनं बघितलं. मी स्टेजवर उभा, हातात कागद. एवढ्यात मंडपातून काका आले, सोबत गावचे पोलीस पाटील!

“वाल्मीक, वाचू नको! माझी सही न्हाई त्याच्यावर!”

त्यांच्या मागे धापा टाकत आबा. “दत्ता, पाटलाला कशाला आणलंस रे? काय करायलास तू?”

“मी? तुमी कागद केलाव आन् मलाच इचारता?”

“कोणता कागद?”

तीन दिवसांतली म्हैस, पाटा, वरवंटा, सगळं एकदम डोक्यात शिरलं. घर मोडणार होतं आणि ते मीच मोडलं होतं! पण मुख्याध्यापकांना काय माहीत? त्यांनी हात जोडले. “या, या! पालक एवढ्या आस्थेनं पहिल्यांदाच आले!” तिघांना पहिल्या रांगेत बसवून पेढेसुद्धा दिले. “हं, वाल्मीक, वाच.”

मी वाचलं. “मौजे दहावी ब येथील शेवटच्या बाकावरची माझी जागा. पूर्वेस भिंत, पश्चिमेस खिडकी, समोर गणिताच्या सरांचा हात पोचणार नाही इतकं अंतर. ही जागा मी नववीच्या सटवाजीस राजीखुशीनं देत आहे. तसेच कंपाउंडच्या भिंतीतलं भोक, जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह.”

पोरं खदखदायला लागली. काका आबांकडे बघायला लागले, आबा काकांकडे. काकांचा चेहरा आधी उतरला, मग त्यांना हसू फुटलं. “दादा, हे तर शाळेचं हाय की वो!” पाटील पोट धरून हसले. मला एवढं हायसं वाटलं की पुढं काय लिहिलंय हेच विसरलो आणि वाचत सुटलो.

“तसेच उशिरा येण्याचं माझं कारण, ‘आजी वारली’. चार वेळा वापरलेलं, पण अजून चालू स्थितीत आहे.”

आजी घरी ठणठणीत बसली होती.

“आमची माय चार येळा मारलीस?” दोघे भाऊ एकदम उठले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं! डावा कान आबांनी घेतला, उजवा काकांनी. तेवढ्यात मुख्याध्यापक ते वर सांगितलेलं वाक्य म्हणाले.

म्हैस परत आली. पाटा-वरवंटा एकत्र आले, चटणी झाली. आणि मार्चात हॉल तिकीट काढायला घरातली कागदपत्रांची पेटी उघडली, तर आत दोन कोरे स्टॅम्प पेपर! एकावर आबांचं नाव, एकावर काकांचं. त्या चार दिवसांत दोघंही गुपचूप पाथरीला जाऊन आले होते.

“आबा, हे फाडू का?”

“आधी त्याचा फाड.”

काकांना विचारलं. “आधी दादांचा फाड!”

शेवटी पेटीला एकामागून एक दोन कुलपं लागली. एक चावी आबांकडे, एक काकांकडे. दोघं सोबत आल्याशिवाय पेटी उघडत नाही, आणि दुसऱ्याच्या मनात काय आहे या धास्तीनं दोघं सोबत येत नाहीत. म्हणून आमचं घर आजही एका चुलीवर आहे!

फक्त एक झालं. निकाल लागल्यावर आबांनी माझं दहावीचं मार्कलिस्ट जपून ठेवलं, ते त्याच पेटीत. आबांना पेटी उघडताना बघून काकांनी दुसरं कुलूप त्याच संध्याकाळी लावलं. तेव्हा मी दहावी पास आहे, हे तुम्हाला माझ्या शब्दावरच मानावं लागेल.