नियंत्रित गटाचा भागाकार

चांगलं शिकवता येणं ही शिक्षकाच्या व्यावसायिक विकासातली मोठी अडचण आहे. ज्याला वाईट शिकवता येतं, त्याच्या विकासाला भरपूर वाव असतो. माझ्या आईला, शकुंतलाबाईंना, तो नव्हता. मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीशाळेत आयुष्य काढल्यावर तिने सोलापुरात एम.एड.ला नाव घातलं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. डॉक्टर तिला दीडच द्यायला तयार होते. (मुदतवाढ दोन्हीकडे नाकारण्यात आली.)

प्रबंधाचा विषय भागाकार. शास्त्राप्रमाणे तिच्याच वस्तीशाळेतल्या चौथीचे दोन गट पाडले. प्रायोगिक गटाला नव्या साधनाने शिकवायचं, नियंत्रित गटाला नुसत्या पुस्तकाने. नवं साधन म्हणजे शेळीच्या लेंड्या. मुलं मेंढपाळांची, त्यामुळे पुरवठा अखंड. मार्गदर्शक डॉ. महेश्वर सरांनी त्याला ‘स्थानिक जैविक अध्ययन-साधन’ असं नाव दिलं आणि ते लांबूनच तपासलं.

चाचणीत दोन्ही गट सारखेच हुशार निघाले. चौकशीअंती कळलं, की प्रायोगिक गटातला सिदू मधल्या सुट्टीत नियंत्रित गटाची शिकवणी घेत होता.

“त्यास्नी येत न्हवतं की, बाई,” तो म्हणाला. “आन् लेंड्या काय, लई हायत.”

महेश्वर सर व्यथित झाले. “बाई, फरक कुठाय? फरकाशिवाय पदवी नाही. नियंत्रित गटाला जरा संयमाने शिकवा.”

आईने वाईट शिकवण्याचा सराव घरी सुरू केला. नियंत्रित गट मी. फळ्याकडे तोंड करून वाचायचं, ‘समजलं ना?’ विचारायचं आणि उत्तर यायच्या आत पान उलटायचं, एवढंच. पण मी “नाही समजलं” म्हटलं की ती वळायचीच.

“तू तसं म्हणू नकोस ना गं!”

“अगं, पण खरंच नाही समजलं.”

“कुठं अडलं?” असं म्हणून ती शेंगदाण्याचा डबा ओतायची.

महिनाभरात माझा भागाकार पक्का झाला. तिची प्रगती शून्य.

शेवटी, वेळ थोडा उरला हे पाहून, सरांनी नियंत्रित गट आठवडाभर स्वतः घेतला. (सर शिक्षणशास्त्रातले डॉक्टर आहेत.) सिदूला मधल्या सुट्टीत ऑफिसात बसवलं. फरक ताबडतोब दिसला. मुलं भागाकार तर विसरलीच, काहींची वजाबाकीही गेली. आलेख इतका देखणा आला, की महाविद्यालयाने तो चौकट करून लावला.

प्रबंध सादर झाला, आणि दुसऱ्या सकाळी आई एसटीने वस्तीवर निघाली. रजेवर होती, औषधं पिशवीत होती.

“बाई, आकडे दूषित होतील!” सर फोनवर म्हणाले.

“होऊ देत. पोरांचा भागाकार तसाच टाकून मला जायचं नाही.”

बसवत होतं तोवर ती जात राहिली. पदवी प्रथम श्रेणीत आली, तेव्हा घ्यायला आई नव्हती. नियंत्रित गट मात्र झाडून पास झाला होता. (ही नोंद प्रबंधात नाही.)

शोकसभेत सर आलेखासह बोलले. दिवंगत शकुंतलाबाईंनी बहुआयामी अध्ययनसापेक्ष फरकनिष्ठतेचा वस्तुपाठ घालून दिला, असं त्यांनी सिद्ध केलं. शेवटी सवयीने विचारलं, “समजलं ना?” सभागृहाने मान हलवली. प्राचार्यांनी दोनदा.

मागच्या बाकावरून मायाक्का उभी राहिली. नियंत्रित गट.

“न्हाय समजलं, सर.”

“बस, बाळ,” सर म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. ‘कुठं अडलं?’ म्हणत कुणी उठलं नाही.

संशोधन मात्र थांबत नसतं. महाविद्यालयाला आता प्रौढांचा नियंत्रित गट हवा आहे, आणि माझ्याकडे वाचक आहेत. वर ‘बहुआयामी अध्ययनसापेक्ष फरकनिष्ठता’ असे शब्द आले होते. तिथे आपण अडला नाहीत, विचारलं नाहीत, मान हलवून इथवर आलात.

समजलं ना?

बसा.